केळीच्या पानातला रांजण

या अंकात दरवर्षी निवृत्त झालेली मोठी माणसं आपल्या नोकरीच्या आठवणी लिहितात. त्यांच्यात जाऊन बसण्याची माझी लायकी नाही हे मला माहीत आहे. मी अजून एम.ए.ला आहे. माझी नोकरी म्हणजे कॉलेजच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेतून मिळालेलं तीन वर्षांचं अर्धवेळ काम, आणि त्या कामात माझ्या हातून झालेली एक मोठी चूक. लिहिण्याची सवयही परीक्षेपुरतीच आहे. संपादकांनी ‘जसं झालं तसं लिही’ असं सांगितलं म्हणून धीर केला. काही कमीजास्त झालं तर समजून घ्यावं.

मी सावद्याचा. माझे अब्बा केळीच्या गाड्या भरतात. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. धुळ्याला मामू राहतात, म्हणून बी.ए.साठी धुळ्याला आलो आणि पहिल्या वर्षीच एका विश्वस्त मंडळाच्या छोट्या वस्तुसंग्रहालयात कामाला लागलो. तीन दालनं, मागे एक पत्र्याची भांडारखोली, एक क्युरेटर आणि एक पहारेकरी, एवढंच ते संग्रहालय. क्युरेटर म्हणजे संग्रह सांभाळणाऱ्या चौधरी मॅडम. पहारेकरी सुकदेव नाना, राहणार जवळच्याच खेड्यातले, बोलणं पक्कं अहिराणी.

पहिल्या दिवशी हजेरीचा कागद नानांकडे होता.

“नाव काय शे तुनं?”

“शेख इरफान अब्दुल गफूर.”

“एवढं बठ्ठं? या रकान्यामा मावाव नही. मी इरफान लिखस.”

आतून मॅडम म्हणाल्या, “नाना, पूर्ण लिहा. इथे अर्धं काही लिहायचं नसतं.”

हे वाक्य तेव्हा मला कडक वाटलं होतं. नंतर कळलं, या कामाची सुरुवातच तिथून होते. संग्रहालयात वस्तू आली की तिला क्रमांक मिळतो. तो वस्तूच्या बुडाशी किंवा आतल्या बाजूला, आधी पातळ लाखेचा थर देऊन त्यावर बारीक अक्षरात लिहायचा, म्हणजे उद्या पुसायचा झाला तर मूळ वस्तूला धक्का लागत नाही. मग मोजमाप, वर्णन, रेखाटन आणि मोठ्या नोंदवहीत एक ओळ. नोंदवहीत खात्रीचं असेल ते शाईने लिहायचं, शंकेचं असेल ते पेन्सिलीने. शाईने लिहिलेलं कधी खोडायचं नाही. मडकं कानाला धरून उचलायचं नाही, दोन्ही हात बुडाखाली घालायचे. हे सगळं मला आठवडाभरात जमलं. केळीचा घड अंगावर घ्यायची सवय असलेल्या माणसाला दोन्ही हात खाली घालायला शिकवावं लागत नाही.

आमच्याकडे येणारे लोक फारसे नसत. शाळांच्या सहली, पाऊस आला म्हणून आत शिरलेले, आणि अधूनमधून शेतात सापडलेलं काहीतरी फडक्यात बांधून आणणारे. एकदा शिरपूरकडचे एक आबा खापराचा मोठा तुकडा घेऊन आले. त्यावर काळ्या रंगात हरणासारखं काहीतरी होतं. मॅडमनी सांगितलं की हे तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं असावं. आबांनी विचारलं, “मंग हाईना बाकीना तुकडा तुमनाकडे शेतस का?” मॅडम नाही म्हणाल्या. “मंग माले परत द्या. मी बाकीना धुंडीसन आनस,” असं म्हणून ते तुकडा घेऊन गेले. ते परत आले नाहीत. मॅडम अजून त्यांची वाट पाहतात.

मी दुसऱ्या वर्षाला असताना जामनेरहून एक देणगी आली. तिथल्या एका इंजिनिअरांनी तरुणपणी बरीच वर्षं ट्युनिशियात, एका खताच्या कारखान्यात, नोकरी केली होती. तिथून परत येताना त्यांनी रीतसर परवाना काढून अकरा जुनी भांडी आणली. ते वारल्यावर त्यांच्या पत्नीने, सगळे त्यांना अक्का म्हणतात, ती आम्हाला दिली. बरोबर एक वही होती. वहीत लिहिलं होतं, ‘प्युनिक, कार्थेजच्या परिसरातील.’

मला यातला एकही शब्द माहीत नव्हता. मॅडमनी नकाशा उघडून दाखवलं. आफ्रिकेच्या वरच्या टोकाला, आजच्या ट्युनिशियात, समुद्राकाठी, कार्थेज नावाचं व्यापारी शहर होतं. दोन हजार वर्षांहून आधीची गोष्ट. तिथले लोक जहाजांतून तेल, दारू, खारवलेले मासे न्यायचे आणि त्यासाठी मातीचे रांजण बनवायचे. त्यांच्या भाषेला आणि वस्तूंना प्युनिक म्हणतात. मी म्हटलं, “म्हणजे माल भरून पाठवणारे लोक.” मॅडम म्हणाल्या, “हो, सावद्यासारखेच.”

अकरा भांड्यांत तीन दिवे होते. ओल्या मातीची ताटली दोन ठिकाणी चिमटून दोन चोची काढलेल्या. बाकी छोट्या कुप्या, एक झारी, दोन वाडगे. आणि एक उंच रांजण, दोन छोटे कान, बूड गाजरासारखं निमुळतं. नानांनी तो उभा करायचा प्रयत्न केला आणि घाबरून परत आडवा ठेवला.

“हाई तं उभंच ऱ्हास नही. कोनी बनाडं व्हयी हाई? कुंभार नवा व्हता का?”

मॅडमनी सांगितलं की जहाजात वाळूत रोवून, एकाला एक टेकवून ठेवायला हाच आकार सोयीचा. नाना थोडा वेळ रांजणाकडे पाहत राहिले. “मंग कुंभार नवा नव्हता,” ते म्हणाले.

विश्वस्तांमध्ये मात्र कुरबुर सुरू झाली. खानदेशातल्या संग्रहालयात परदेशी मडकी कशाला? ती खरी आहेत याला पुरावा काय? बाजारात नकली वस्तूही मिळतातच. शेवटी ठरलं की भांडी पुण्याच्या एका संस्थेकडे तपासायला पाठवायची. खरी ठरली तर दालनात कपाट द्यायचं, नाहीतर भांडारखोलीतच राहू द्यायची. अक्कांचा मॅडमना महिन्यातून एकदा फोन यायचा. “माझ्या डोळ्यादेखत ती कपाटात लागू द्या गं. त्यांनी लेकरासारखी आणली होती.”

सगळा भरवसा त्या रांजणावर होता, कारण त्याच्या खांद्यावर काळसर शाईने काहीतरी लिहिलेलं होतं. सहज दिसायचं नाही. मॅडमनी फोटो काढले, कॅमेऱ्याने आणि मोबाइलनेही, पण फोटोत नुसता डाग येत होता. पुण्याच्या संस्थेत वेगळ्या प्रकाशाचा कॅमेरा होता, त्यात उमटलं असतं. तोपर्यंत मॅडमनी मला रेखाटन करायला सांगितलं. खोली अंधारी करून, टॉर्च अगदी तिरका धरून, मी दोन दुपारी बसलो. नाना टॉर्च धरून उभे होते आणि दर पाच मिनिटांनी त्यांचा हात खाली येत होता.

“नाना, हात वर.”

“मना हात शे, खुंटी नही.”

चार खुणा दिसल्या. एक गोल. मग फुगीर डोक्याच्या आणि खाली शेपटी असलेल्या दोन, जवळजवळ सारख्या. मग एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेघा आणि त्यांच्या पोटात एक ठिपका. मला वाचता येत नव्हतं, त्यामुळे दिसलं तसं काढलं. मी डावीकडून सुरुवात केली होती. मॅडम म्हणाल्या, “अरे, ही लिपी उजवीकडून वाचतात. तुला तरी सुचायला हवं होतं.” लहानपणी मदरशात इतकी वर्षं उजवीकडून वाचलं आणि इथे ते ध्यानातही आलं नाही, याचं मला हसू आलं.

आता चुकीकडे येतो.

पुण्याच्या संस्थेची गाडी एका सोमवारी येणार होती. पॅकिंगसाठी मॅडमनी खास कागद आणि फोम मागवला होता, तो आलाच नव्हता. मॅडम चार दिवसांसाठी जळगावला प्रशिक्षणाला जाणार होत्या. जाताना म्हणाल्या, “सामान आलं तर मला फोन कर. मी आल्याशिवाय काही भरू नकोस.”

सामान आलं नाही. आणि मला वाटलं, या एका कामात तरी मला कुणी शिकवण्याची गरज नाही. केळीपेक्षा नाजूक माल कोणता? अब्बा गाडी भरतात तेव्हा खाली केळीच्या पानांचा जाड थर, मग घड, मग परत पानं. दिल्लीपर्यंत साल काळी पडत नाही. मी शनिवारी सावद्याला जाऊन अर्धवट सुकलेल्या पानांचे दोन भारे बसच्या टपावर टाकून आणले. खोके घेतले. एकेक भांडं पानांत असं बसवलं की खोकं हलवून पाहिलं तरी आवाज येत नव्हता. वळवाचा पाऊस सुरू होता, म्हणून खोक्यांना बाहेरून प्लॅस्टिक गुंडाळून चिकटपट्टी लावली. नाना म्हणाले, “हाई काम मात्र तुले येस.” मला फार बरं वाटलं. आजवर संग्रहालयात जे केलं ते इथेच शिकून केलेलं होतं, हे एक काम मी घरून घेऊन आलो होतो.

मॅडम परतल्या तेव्हा मी त्यांना भरलेली खोकी दाखवली. आत काय घातलं आहे ते त्यांनी विचारलं आणि मी म्हटलं, “सुकी पानं, मॅडम.” ती पूर्ण सुकलेली नव्हती. हे मला तेव्हाही माहीत होतं, पण त्याने काही बिघडेल असं वाटलं नव्हतं. मॅडमचा चेहरा नाराज होता. तरी गाडी उद्याच येणार म्हणून त्यांनी राहू दिलं.

गाडी आली नाही. ती आज येते, उद्या येते करत एकोणीस दिवस गेले. महिना मे, भांडारखोली पत्र्याची.

एकोणिसाव्या दिवशी गाडी निघाल्याचा फोन आला. मॅडम बँकेत गेल्या होत्या. मी म्हटलं, एकदा उघडून पाहावं. रांजणाच्या खोक्याची पट्टी काढली आणि आतून वाफेसारखा कोंदट वास आला. पानं काळी पडली होती, त्यांवर पांढरी बुरशी होती. रांजण ओलाकच्च होता. मी तो बाहेर काढला, खांद्यावरची बुरशी फुंकून बाजूला केली. चारही खुणा जागच्या जागी होत्या. उलट ओलीमुळे नेहमीपेक्षा गडद दिसत होत्या.

इथे मी मॅडमना फोन करायला हवा होता. त्या दहा मिनिटांच्या अंतरावर होत्या. पण त्या यायच्या आत सगळं पूर्ववत करावं, असं माझ्या मनात आलं. मी रांजण टेबलावर आडवा ठेवला आणि पंखा मोठा करून त्याच्यावर सोडला. खिडकीही उघडली. बाहेर लू चालली होती. मी दाराशी उभा राहून फाटकाकडे पाहत होतो.

समुद्राकाठच्या मातीत राहिलेल्या भांड्यात मीठ मुरलेलं असतं. कोरडं असेपर्यंत ते काही करत नाही. ओल लागली की विरघळतं, आणि भांडं वाळायला लागलं की पृष्ठभागावर येऊन त्याचे खडे होतात. सावकाश, झाकून वाळवलं, किंवा स्वच्छ पाण्याने ते मीठ हळूहळू काढून घेतलं, तर भांडं वाचतं. झटकन वाळवलं तर ते खडे वरचा पापुद्रा उचलून फेकतात. हे मला आता माहीत आहे.

तासाभराने रांजणावर पिठासारखी पांढरी भुकटी आली. मी बोट लावलं. खांद्याचा पापुद्रा बोटाबरोबर निघाला आणि त्याचा टेबलावर चुरा झाला. मी परत हात लावला नाही, तरी पंख्याच्या वाऱ्याने बाकीचंही सुटत गेलं. पंखा बंद करायचं भान मला नव्हतं. तो नानांनी येऊन बंद केला.

नानांनी टेबल पाहिलं, मला पाहिलं आणि दार लावून घेतलं. “देख, मॅडमले काही सांगू नको. परत भरी ठेव. पुनाले गयं की म्हनतीन, गाडीमा हादरा बसना. तू काय मुद्दाम करं?”

मी खरंच पुन्हा पानं गोळा करायला लागलो होतो. हे लिहायला लाज वाटते, पण तसं झालं. एका पानाला रांजणाचा कपचा चिकटला होता, नखाएवढा, कोरा, त्यावर शाई नव्हती. तो कसा सोडवावा हे मला कळेना. तेवढ्यात मॅडम आल्या. नाना म्हणाले, “मॅडम, ते हादरा...” मी म्हटलं, “नाना, राहू द्या.” आणि सगळं सांगितलं. पानं सुकी नव्हती तेही.

मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी गाडीवाल्याला फोन करून रांजण सोडून दहाच वस्तू न्यायला सांगितल्या. त्या बाकीच्या भांड्यांना फार काही झालं नव्हतं, ती जाड होती. मग चुरा ब्रशने एका पाकिटात भरला. नोंदवही माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, “तूच लिही.” मी शाईने लिहिलं: ‘लेख नष्ट. वेष्टनातील ओल व घाईने वाळवणे.’ पुढे माझं नाव लिहायला गेलो तर त्यांनी हात धरला. “नोंदवहीत वस्तूचं लिहायचं. माणसाचं नाही.”

मी सावद्याला गेलो तेव्हा अब्बांना सांगितलं. ते जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला.

“हरी पत्ती?”

“आधी सूखी, आधी हरी, अब्बा.”

“ऊपर से प्लास्टिक?”

“हां.”

“अरे, गाड़ी में हवा लगती है. तीन दिन में माल दिल्ली उतरता है. तूने उन्नीस दिन बंद रखा? केला होता तो भी सड़ जाता.” घास परत उचलत म्हणाले, “इतने साल मेरे साथ गाड़ी भरी. पत्ती देखी, हवा नहीं देखी.”

यापेक्षा नेमकं माझ्या चुकीबद्दल कुणी बोललेलं नाही.

जामनेरला अक्कांना सांगायला मॅडम मला घेऊन गेल्या. देणगीच्या वस्तूला काही झालं तर घरी जाऊन सांगायचं, फोनवर नाही, असा मॅडमचा नियम आहे. अक्का ओसरीत बसल्या होत्या. मी उभ्यानेच सांगितलं.

“बस आधी,” त्या म्हणाल्या. “रांजण फुटला का?”

“नाही. त्यावरचं लिखाण गेलं.”

“त्यावर लिखाण होतं?” त्या हसायला लागल्या. “चाळीस वर्षं त्या कोपऱ्यात टेकवलेला होता. साहेब त्यात छत्र्या ठेवायचे. एकदा मांजरीने त्यात पिल्लं दिली.” मग म्हणाल्या, “पण लिखाण असेल तर त्यांना ठाऊक असणार. मला कधी बोलले नाहीत.” मग त्यांनी विचारलं, “काय लिहिलं होतं, हे आता कळायचं नाही का रे?”

मी म्हटलं, “रेखाटन आहे. पाठवलं आहे.” त्याहून जास्त मला सांगता येण्यासारखं नव्हतं. अक्कांनी आम्हाला चहा दिला, आणि निघताना मला म्हणाल्या, “कळलं की सांग.”

ते रेखाटन, डागासारखे फोटो आणि चुऱ्याचं पाकीट मॅडमनी पुण्याला पाठवलं होतं. तिथल्या सरांनी रेखाटन आणि फोटो पुढे त्या लिपीच्या जाणकारांना दाखवले. वर्ष गेलं. मी बी.ए. झालो, एम.ए.ला नाव घातलं. वाटलं होतं काम जाईल, पण मॅडमनी ठेवलं. मधल्या काळात आमच्याकडे खास कागद आला, फोमही आला. दुसऱ्या मुलांना पॅकिंग मी शिकवतो. खोक्याला भोकं का ठेवायची, तेही सांगतो.

गेल्या महिन्यात पुण्याचं पत्र आलं. मॅडमनी मला बोलावून, नानांनाही बसवून, ते मोठ्याने वाचलं. दहाही भांडी खरी आहेत, कपाट द्यायला हरकत नाही. रांजणाची माती आणि घडणही त्या काळाशी जुळते, हे त्यांनी पाकिटातल्या चुऱ्यावरून आणि मोजमापांवरून सांगितलं होतं. मग लेखाचं. मधल्या दोन खुणा एकमेकींसारख्या असल्याने थोडी शंका राहते, तरी पहिली तीन अक्षरं बहुधा वाचता येतात: अ, ब, द. अब्द. त्यांच्या भाषेत याचा अर्थ सेवक. त्यापुढे देवाचं नाव जोडून ते लोक माणसांची नावं ठेवत. म्हणजे हे कुण्या माणसाचं नाव होतं, रांजणाच्या मालकाचं किंवा माल पाठवणाऱ्याचं.

नाना माझ्याकडे वळले. “तुना बापना नावमा हाई शे ना?”

“आहे,” मी म्हटलं.

मॅडम पुढे वाचू लागल्या. चौथ्या अक्षरावरून देव कोणता ते ठरलं असतं. रेखाटनात त्या छेदणाऱ्या रेघांच्या पोटात एक ठिपका दिसतो. तो शाईचा असेल तर एक नाव होतं, मळाचा असेल तर दुसरं. मूळ लेख पाहता आला असता तर क्षणात कळलं असतं. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, रेखाटन करणाऱ्यास विचारावे, त्यांना आठवत असल्यास नाव पूर्ण होईल.

मॅडमनी पत्र खाली ठेवलं. मी खूप आठवून पाहिलं. टॉर्चच्या उजेडातला ठिपका आठवला, पण तो माझ्या पेन्सिलीचा ठिपका होता. ती खूण मी शेवटची पाहिली तेव्हा ती ओली होती, गडद होती, इतकी स्पष्ट कधीच नव्हती. आणि मी फाटकाकडे पाहत होतो.

“मॅडम, मला नाही आठवत.”

त्यांनी तसंच कळवायचं ठरवलं. मग नोंदवही काढली आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. माझ्याच अक्षरातल्या ‘लेख नष्ट’च्या पुढे मी लिहिलं: ‘अब्द’, आणि पुढची जागा कोरी सोडली. अक्कांना सांगायला रविवारी जामनेरला जायचं आहे.